भांडणात गाणं असलं तर कुणाचं काय बिघडतं?

आमच्या बेळगावात काही पोरं वादाचा आणि गाण्याचा एकत्र कार्यक्रम करतात. दुपारी त्या पोरांचा फोन आला आणि डोकंच फिरलं. पुढच्या महिन्याचा हॉल रद्द. अ‍ॅडव्हान्स दिलेला, पावती फाडलेली, आणि आता मालक म्हणतोय, वरनं फोन आलाय, ते राजकारण आणि गाणं एकत्र असलेलं काय नको, लग्न-बारसं असलं तर सांगा. वरनं म्हणजे कुठनं, ते काय सांगंना. तेवढ्यावर मी गप्प बसले असते, पण संध्याकाळी आमच्या ग्रुपवर एका ज्येष्ठांनी लिहिलं की बरं झालं, सीमाप्रश्न हा थिल्लरपणा करायचा विषय नव्हे. आणि खाली अंगठ्यांची रांग. ज्यांच्या मागनं घोषणा देत मी लहानाची मोठी झाले ती माणसं ही. म्हणून लिहितेय, आणि लांब लिहिणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

जे मागच्या कार्यक्रमाला आले नव्हते त्यांच्यासाठी सांगते. तीन माणसं बोलायला होती, एक महाराष्ट्र एकीकरण समितीचा, एक कन्नड संघटनेत काम करणारा आणि एक बेळगावजवळच्या हलगा गावचा शेतकरी. विषय दोन, शेतातनं जाणारा हलगा-मच्छे बायपास रस्ता आणि दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत. एका विषयावर तिघं भांडणार, मग कुणीतरी स्टँडअप करणार, मग हलगी आणि गिटारवर एक गाणं, मग परत भांडण. बायपासवरचं गाणं त्या पोरांनीच रचलेलं, अर्धं मराठी अर्धं कानडी, आणि त्यात शहापूर-वडगावच्या शिवारातली बासमती, वर्षानुवर्षं चाललेली ती कोर्टाची तारीख, सगळं होतं. पाठीमागच्या रांगेत धोतर नेसलेले चार म्हातारे बसलेले, ते गाणं संपल्यावर टाळ्या न वाजवता नुसते एकमेकांकडं बघत होते. शेत गेलं की कानडी माणसाचं पण जातं आणि मराठी माणसाचं पण, हे इतक्या वर्षांत कुठल्या भाषणातनं माझ्या कानावर पडलं नव्हतं बघा. त्या गाण्यातनं पडलं.

आमचे बाबा समितीचे. म्हणजे हाडाचे. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिवस म्हणून काळी फीत, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन, यात कधी खंड नाही. एका निवडणुकीत समितीत दोन उमेदवार उभे राहिले, दोघंही म्हणणार मीच अधिकृत, आणि बाबांनी सख्ख्या चुलत भावाशी बोलणं टाकलं, कारण काका दुसऱ्याच्या बाजूचे. त्याच वर्षी गावच्या यात्रेला लोकनाट्याचा फड आला. मी आज्जीबरोबर चावडीच्या कट्ट्यावर बसलेले, बायकांना पुढं जागा नसायची. बतावणीत सोंगाड्या आला तो दोन भगव्या टोप्या घेऊन. एक घालायचा, म्हणायचा ही अधिकृत. ती काढायचा, दुसरी घालायचा, ही जास्त अधिकृत. फडातल्या मावशीनं विचारलं, बरं गा, मग नळाला पाणी कुठल्या टोपीनं येतंय? सगळं गाव बाबांकडं बघायला लागलं. मला वाटलं आता उठणार, खुर्ची फेकणार. आणि बाबा हसले. पोट धरून हसले.

आता मला सांगा, हा थिल्लरपणा होता काय? तो सोंगाड्या सीमाप्रश्नाची चेष्टा करत होता की सीमाप्रश्नाच्या नावावर आपसात भांडणाऱ्यांची? एवढा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी ग्रुपवर दुसऱ्यांना शहाणपण शिकवू नये.

आणि आपल्याच चळवळीचा इतिहास विसरलात काय हो? १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी रान उठवलं. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं गिरणगावातल्या कामगाराच्या तोंडी कशामुळं बसली? ठरावामुळं? डफावरच्या थापेमुळं बसली. त्याच्या आधी सत्यशोधकांचे जलसे, नंतर आंबेडकरी जलसे, गण-गवळणीची ओळखीची चाल घ्यायची आणि तिच्यातनं सावकाराला, भटशाहीला, जातीला हाणायचं, लोक हसत हसत ऐकायचे आणि घरी जाताना गप्प होऊन जायचे. १९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन आपल्या बेळगावात झालं, गांधीजी अध्यक्ष, तिथं गंगूबाई हनगल गायल्या, तेव्हा त्या परकर-पोलक्यातली पोर होत्या. गांधीजींच्या अधिवेशनात गाणं चाललं, आणि आमच्या हॉलात चालत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? टीव्हीवर आठ चौकोनात आठ माणसं एकाच वेळी बोंबलतात, ती म्हणे गंभीर चर्चा. त्यात कुणालाच दुसऱ्याचं ऐकायची गरज नसते. आपल्याकडं कलगी-तुरा होता, एक फड शक्ती थोर म्हणणारा, दुसरा शिव थोर म्हणणारा, रात्रभर सवाल-जवाब. समोरच्यानं कवनातनं कोडं घातलं की जवाब द्यायलाच लागायचा, गाऊन द्यायला लागायचा, नाही आला तर फड हरला. म्हणजे सवाल नीट ऐकल्याशिवाय तुमची सुटकाच नाही. आणि कानडीत गीगी पदांमध्ये, म्हणजे तिथल्या लोकगाण्यांत, हेच आहे, तिकडं हरदेशी आणि नागेशी असे दोन पक्ष. दोन्ही भाषांच्या आज्या-पणज्यांना भांडायची ही रीत माहीत होती, आपणच कुठंतरी टाकून आलो.

बाबांचं पुढचं सांगायचं राहिलं. फड संपल्यावर ते घरी आले नाहीत. आई वाट बघत बसली. ते सोंगाड्याला गाठून वाद घालत बसलेले, की तुम्ही बाहेरनं येणार, टोप्या दाखवणार, तुम्हाला काय माहीत आमच्यावर काय बेतलंय, लाठ्या कुणी खाल्ल्या. आणि तो माणूस तोंडाचा रंग पुसत पुसत ऐकत होता आणि उलटं विचारत पण होता. थोड्या वेळानं काका तिथं आले. बोलणं टाकलेले काका. तेही वादात पडले, आणि बाबांच्या बाजूनं बोलायला लागले म्हणे! त्यांचं मत काय बदललं नाही, पुढच्या निवडणुकीत पण दोघं दोन बाजूलाच होते. पण बोलणं सुरू झालं ते झालं. हे कुठल्या सभेनं, कुठल्या समेटाच्या बैठकीनं केलं नव्हतं.

बरं, मान्य आहे, परवाच्या कार्यक्रमातले दोन-तीन जोक फालतू होते, बेळगावी बोलीची टर उडवून हशा काढायचा, हे मलाही आवडलं नाही आणि मी त्या पोराला तोंडावर सांगितलं. आणि अशा स्टेजवर पुढारी येऊन दोन जोक हाणून स्वतःला साधंसुधं दाखवून जातात, हेही खरं. पण म्हणून हॉलच बंद?

पण एका पोरीचं सांगितलंच पाहिजे. त्याच कार्यक्रमात स्टँडअप करणारी विशीतली पोर, बेळगावजवळच्या येळ्ळूरकडची. ती उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या गावात बैठक असली की बायकांना आवर्जून बोलावतात, पाहुण्यांना ओवाळायला. मग ताट घेऊन आम्ही बाहेर, ठराव आत. हॉल हसला, मी हसले, आणि हसताना घशात काहीतरी अडकलं कारण मी ते ताट किती वेळा धरलंय. आणि माझ्या शेजारी बसलेल्या कन्नड बाई, आमची ओळख नाही पाळख नाही, माझ्याकडं वळून म्हणाल्या, हौदरी, खरे ऐती, म्हणजे होय हो, खरं आहे, आमच्याकडं पण असंच. मग आम्ही दोघी मध्यंतरात चहा घेताना बोललो. पाट्यांवरनं आमचं जमलं नाही. कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड हवंच म्हणाल्या, मी म्हटलं ठेवा तुमचं ६०, पण माझी मराठी पाटी फोडायला येणारा कोण? त्यांना राग आला, मला पण आला, तरी चहा पुरा केला आम्ही.

हे ज्यांना नको आहे ती माणसं दोन्हीकडं आहेत. बंगळुरात २०२१ ला स्टँडअप करणाऱ्या मुनव्वर फारुकीचा शो पोलिसांनी होऊ दिला नाही. मुंबईत खारला २०२५ मध्ये कुणाल कामराच्या जोकवरनं अख्खा स्टुडिओ फोडला, आणि फोडणारे आपल्या मराठीचा झेंडा मिरवणारे होते. इथं डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आलं की समितीच्या मेळाव्याला परवानगी नाकारतात तेव्हा आपण लोकशाहीच्या नावानं ओरडतो, बरोबरच ओरडतो. मग आज त्या पोरांचा हॉल काढून घेतला तर बरं झालं कसं काय म्हणता? आपल्याला गप्प केलं की अन्याय आणि पोरांना गप्प केलं की संस्कृती?

राग आलाय, मान्य. त्या ज्येष्ठांनी आयुष्य घातलंय या प्रश्नात, त्यांच्या डोळ्यादेखत प्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासनं पडलाय, सोबतची किती माणसं गेली. त्यांना हशा बोचतो, ते मला समजतं. बाबांना पण आधी बोचलंच असणार. पण ज्येष्ठांनो, ही पोरं निदान प्रश्नाविषयी बोलतायत तरी. त्यांच्या वयाची बाकीची पुण्याला आणि बंगळुराला निघून गेली, त्यांना काळा दिवस कधी असतो ते पण ठाऊक नाही.

तर, कार्यक्रम होणार. हॉल नाही तर नाही. कुणाच्या घरापुढं अंगण असलं, गिरणीचं आवार, शाळेचं मैदान, मंगल कार्यालय, बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही चालेल, मला मेसेज करा. मंडप आणि स्पीकरचं मी बघते. बायकांच्या खुर्च्या पुढच्या रांगेत असणार. आणि ग्रुपवर थिल्लरपणा म्हणणाऱ्या सगळ्यांना माईक मिळेल, पाहिजे तेवढा वेळ मिळेल, फक्त समोरच्याचं आधी ऐकायला लागेल आणि त्यानं विचारलेल्याचं उत्तर द्यायला लागेल.