दंड भरला, लायसन्स गेलं. दारूचं काय?

दारू पिऊन गाडी चालवणारा पकडला गेला की सगळ्यांच्या तोंडी एकच असतं, 'आत टाका त्याला.' मलाही तेच वाटतं. कुणाच्या तरी पेगपायी रस्त्यावरच्या माणसाने जीव का गमवायचा? शिक्षा हवीच, त्यात मला काडीचीही सूट नको. पण शिक्षा सुनावण्याआधी न्यायालयाने एक गोष्ट शोधून काढायलाच हवी: हा फक्त त्या रात्री प्यायला होता, की रोजच पितो?

ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्याला दंड, कोर्टाच्या फेऱ्या, चारचौघांत गेलेली अब्रू एवढं बहुतेक वेळा पुरतं. दुसरा दंड भरतो, लायसन्स नसताना गाडी बाहेर काढतो आणि पुन्हा सापडतो. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. 2019 मध्ये दंडाचे आकडे वाढवले, चांगलं केलं. पण व्यसनावरच्या उपचारांबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही.

जर्मनीत रक्तातलं अल्कोहोल दर हजारी 1.6 किंवा त्याहून जास्त निघालं, तर नुसता दंड भरून लायसन्स परत मिळत नाही. वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी पार करावी लागते. 'आता सोडली हो' म्हणून भागत नाही. कित्येकांना केसांच्या किंवा लघवीच्या तपासणीतून महिनोन्‌महिन्यांचा पुरावा द्यावा लागतो. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याने 2005 मध्ये वेगळी वाट धरली. तिथे पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन नळीत फुंकायचं. प्यायलेला निघाला की लगेच कोठडी, पण एक-दोन दिवसांचीच. शिक्षा छोटी, मात्र चुकवता येत नाही. मला हे फार पटतं. रोज पिणाऱ्याला सहा महिन्यांनंतरच्या तारखेची भीती नसते, आज संध्याकाळची असते.

गाडीत बसवायचं यंत्रही असंच. त्यात फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि श्वासात दारू निघाली तरी होत नाही. दुसऱ्याकडून फुंकून घेऊन निघालात, तर वाटेत ते पुन्हा फुंकायला सांगतं. फुंकलं नाही तर धावती गाडी बंद पडत नाही, ते धोक्याचं ठरेल. पण नोंद होते आणि अधिकाऱ्यांपर्यंत पोचते. फक्त यंत्र काढलं की बरेचजण जुन्या सवयीवर येतात, म्हणून त्याच्या जोडीला उपचार हवेतच.

'मनात नसताना उपचार काय कामाचे?' हा आक्षेप मी खूपदा ऐकलाय. व्यसनमुक्तीला स्वतःच्या पायाने, आनंदाने आलेले असे किती असतात? कुणाला बायकोने आणलेलं असतं, कुणाला नोकरी जायच्या भीतीने. कोर्टाच्या धाकाने आलेलाही सुधारू शकतो, त्याला तिथे टिकवून ठेवता आलं पाहिजे. माझा राग आहे तो नावापुरत्या उपचारांवर. चार व्याख्यानं, हजेरीपत्रकावर सही, हातात प्रमाणपत्र. याला उपचार म्हणू नका.

आणि ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही ते सांगते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसू लागतात, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर जीवही जाऊ शकतो. अशाला थेट कोठडीत बसवून 'आपोआप उतरेल' म्हणणं धोक्याचं आहे. आत घेतानाच डॉक्टरने तपासलं पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं असं: दोषी ठरलेल्या प्रत्येकाची व्यसनाची तपासणी शिक्षेआधी करा. व्यसन निघालं तर दंड आणि लायसन्सबंदीसोबत निदान वर्षभराचे उपचार आदेशातच लिहा. व्यसनमुक्ती केंद्राने अहवाल थेट न्यायालयाला पाठवावा, आरोपीच्या हाती नाही. खर्च झेपत नसेल तर सरकारने उचलावा. आणि उपचार अर्धवट सोडले, तर सुनावलेली पण उपचारांसाठी राखून ठेवलेली कैद त्याच आठवड्यात भोगायला लावा.