आधी आडवं की आधी उभं?

प्रोग्रामिंगमधला द्विमितीय अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, समजायला कुणालाच वेळ लागत नाही. ओळी आणि रकाने, झालं. फळ्यावर तक्ता काढला की सगळा वर्ग माना डोलावतो. छळ सुरू होतो तो त्या तक्त्यातला एखादा आकडा बाहेर काढायची वेळ आली की.

शाळेत आपल्याकडून घोकून घेतलेलं असतं: आधी एक्स, मग वाय. अ‍ॅरेत आधी ओळ, म्हणजे किती खाली उतरायचं ते, आणि मग रकाना. त्यामुळे चित्रातला ठिपका हवा असेल तर लिहायचं ए[वाय][एक्स]; ए हे अ‍ॅरेचं नाव. शिवाय शाळेतला वाय वर चढायचा, हा खाली उतरतो. पडद्याचं माप सांगताना सगळे म्हणणार १९२० बाय १०८०. अ‍ॅरेत मात्र १०८० ओळी आणि १९२० रकाने. मी दर वेळी हवेत बोट फिरवून खात्री करून घेतो. बघणाऱ्याला वाटतं, मी कुणाची तरी दृष्ट काढतोय.

मोजायचं शून्यापासून, हे वेगळंच. तिसऱ्या ओळीतला दुसरा आकडा म्हणजे [२][१]. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एक टिपण लिहून मोजणी शून्यापासूनच का असावी ते समजावलंय, आणि वाचताना ते पटतंही. पण फोरट्रान, मॅटलॅब, आर या प्रोग्रामिंगच्या भाषा एकापासून मोजतात, आणि दोन्हीकडे काम करणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःच्या हाताची बोटंसुद्धा मोजवत नाहीत.

त्यात ओळी आणि रकाने मोजणारे ते आय आणि जे. जुन्या फोरट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांक मानली जात, त्यामुळे ही जोडी लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या फेऱ्यांत, जी येऊन बसली ती बसलीच. आतल्या लूपमध्ये जेऐवजी आय वाढवला की प्रोग्राम जो जातो तो परत येत नाही; आणि रात्री उशिरा ही दोन अक्षरं वेगळी ओळखून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं. सरळ रो आणि कॉल (म्हणजे कॉलम) अशी नावं द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. ते कुणी ऐकत नाही.

सगळ्यात लबाड चौरस अ‍ॅरे. तीन बाय तीनमध्ये ओळी-रकान्यांच्या मर्यादा उलटसुलट लिहिल्या तरी लूप गुण्यागोविंदाने चालतो. पाच ओळी आणि तीन रकाने आले की पितळ उघडं पडतं. जावा ही भाषा निदान तिथल्या तिथे आरडाओरडा करते. सी तेवढीही तसदी घेत नाही. ए[०][४] मागितलं तर बहुधा मुकाट्याने दुसऱ्या ओळीतला दुसरा आकडा आणून देते, कारण तिच्या लेखी तक्ता वगैरे काही नसतोच! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. म्हणायचं द्विमितीय, आणि मेमरीत सगळ्या ओळी एकीमागे एक, एकाच रांगेत. ओळीचा क्रमांक गुणिले रकान्यांची संख्या, अधिक रकान्याचा क्रमांक, की आली जागा. शून्य गुणिले तीन अधिक चार, म्हणजे चार. हिशोब चोख आहे, भांडायचं कुणाशी?

म्हणूनच मोठा अ‍ॅरे रकान्या-रकान्याने फिरलं तर प्रोग्राम रडत-रखडत चालतो. प्रोसेसर मेमरीतून बहुधा ६४ बाइटांचा तुकडा एकदम उचलतो, म्हणजे चार बाइटांचे सोळा आकडे. ओळीने गेलो तर सोळाच्या सोळा कामी येतात. रकान्याने गेलो तर एक वापरायचा आणि पंधरा टाकून पुढच्या ओळीत उडी मारायची. फोरट्रानमध्ये नेमकं उलट, तिथे रकाने सलग ठेवतात. असणारच.

पायथन भाषेत [[०]*३]*४, म्हणजे तीन शून्यांची ओळ चार वेळा, असं लिहून चार ओळींचा देखणा तक्ता तयार होतो. एका ओळीत सात लिहा, चारही ओळींत सात! त्या चार ओळी नसून एकाच ओळीची चार नावं असतात.

एवढं सोसून माणूस नोकरीच्या मुलाखतीला जातो, तर तिथे अ‍ॅरे गोल गोल फिरत आत जाऊन छापायला सांगतात. वरची हद्द, खालची हद्द, डावी, उजवी, चारही सांभाळत घाम पुसत मधोमध पोहोचावं, तर शेवटी उरलेली एकच ओळ जाताना एकदा आणि येताना एकदा अशी दोनदा छापली जाते. तीही अट घालून आपण खडू खाली ठेवतो. समोरचे गृहस्थ प्रसन्न हसतात आणि म्हणतात, "छान. आता हेच आतून बाहेर."