सेबुआनोत कर्ता लपत नाही

फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेबद्दल एक दावा नेहमी फिरत असतो: "ही माणसं बहुतेक वेळा कर्मवाच्यातच बोलतात, कर्त्याला मागे ढकलतात, जबाबदारी टाळणं त्यांच्या भाषेतच मुरलंय." सेबू, बोहोल आणि मिंडानाओच्या मोठ्या भागातल्या लोकांच्या स्वभावावर असा शिक्का मारणं मला मुळीच पटत नाही. व्याकरणही त्याला साथ देत नाही.

'मिपालित आङ बाता ओग इस्दा' म्हणजे मुलाने एक मासा विकत घेतला, कुठलाही. 'गिपालित सा बाता आङ इस्दा' म्हणजे तो ठरावीक मासा मुलाने विकत घेतला. दुसऱ्या वाक्यातून मूल नाहीसं झालंय का? नाही, ते क्रियापदाला खेटूनच आहे. 'आङ' हा खुणेचा शब्द ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच्याआधी लागतो; तो फक्त मुलाकडून माशाकडे गेला, कारण आता बोलणं त्या माशाबद्दल चाललंय. शिवाय 'गिपालित' हे 'मिपालित'वरून बनलेलं नाही. दोन्ही रूपं 'पालित' या एकाच धातूला उपसर्ग लागून होतात.

मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये. 'मुलाने भाकरी घेतली' यात क्रियापद भाकरीप्रमाणे चालतं, आणि शाळेत आपण त्याला कर्मणी प्रयोगच म्हणतो. म्हणून काय आपण भूतकाळात जबाबदारी झटकतो?

"पण कोशातच पॅसिव्ह, म्हणजे कर्मवाच्य, लिहिलंय," असं उत्तर येतं. खरं आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉन वोल्फ यांच्या 1972 च्या सेबुआनो कोशात ती संज्ञा आहे, पण एक नव्हे, तीन पॅसिव्ह आहेत. एक वर 'गिपालित'मध्ये दिसलाच; उरलेले दोन असे. 'गिहाताग सा बाबाये आङ लिब्रो' मध्ये बाईने दिलेलं पुस्तक पुढे येतं; 'गिहातागान सा बाबाये ओग लिब्रो आङ बाता' मध्ये ज्याला पुस्तक दिलं ते मूल. देणारी बाई दोन्हीकडे आहेच.

कोणी केलं हे विचारायचं असेल तर उलट कर्त्याचंच रूप लागतं: 'किन्सा आङ मिपालित सा इस्दा?' मासा कोणी घेतला?

आणि आज्ञा बघा. समोरच्याला तोंडावर 'तो मासा घे' म्हणायचं तर सेबुआनो माणूस म्हणतो, 'पालिता आङ इस्दा!' हेही त्याच तथाकथित पॅसिव्हचं रूप. यात कोण कोणाला लपवतंय?