अण्णांचं दही आणि उरलेल्या तीन गोळ्या

रविवारी सकाळी अण्णा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर आले ते स्टीलचा डबा घेऊनच. पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. डब्यात घरचं दही होतं. चार दिवसांपूर्वी खोकला आणि कसकस सुरू झाली, तेव्हा त्यांनी मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पाच गोळ्यांची स्ट्रिप आणली होती. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. मागच्या हिवाळ्यातल्या गोळीचं नाव लक्षात होतं, आणि दुकानातही कुणी काही विचारलं नाही. दोन गोळ्या घेतल्या, पोट बिघडलं, गोळ्या बंद झाल्या आणि दही सुरू झालं.

"दही म्हणजे सगळ्यात जुनं प्रोबायोटिक," अण्णा म्हणाले. "आपल्या आज्या काय कॅप्सूल खात होत्या?"

बंटीला हे ऐकून गप्प बसवेना. तो एमआर आहे, औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, त्याच्या बॅगेत नेमक्या त्याच कॅप्सूल असतात. "काका, दही चांगलंच आहे. पण त्यात कोणते जंतू आहेत, किती आहेत, सांगता येईल का? आमच्या पाकिटावर जात लिहिलेली असते, आकडा लिहिलेला असतो. अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतू मेले, की आम्ही ते परत भरतो. साधा हिशेब आहे."

"साधा नाही," ताई म्हणाली.

ताई एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून, बघते, वीसहून जास्त वर्षं. ती बोलायला लागली की ओटल्यावरचे बाकीचे आवाज आपोआप खाली येतात. तिनं आधी अण्णांना धरलं. प्रोबायोटिक कशाला म्हणायचं, ते जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली ठरवलं आहे: सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येत हवेत, आणि त्यांनी फायदा होतो हे दिसलेलं हवं. घरच्या दह्यात लॅक्टोकॉकस असतात, लॅक्टोबॅसिलस असतात, पण कोणते आणि किती, हे विरजणाप्रमाणे, दुधाप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलतं. शेजारच्या घरातलं विरजण आणलं की आपलं दही बदलतं, हे प्रत्येक बाईला माहीत असतं.

"दही उत्तम अन्न आहे अण्णा, रोज खा. पण त्याला औषधाचं काम सांगू नका."

अण्णा वाचणारे आहेत. त्यांनी लगेच मेच्निकॉव्हचं नाव काढलं. बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात असं म्हणणारा शास्त्रज्ञ, 1908 चा नोबेलवाला.

"नोबेल दह्यासाठी नव्हतं," ताई म्हणाली. "रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात, हे त्यानं दाखवलं होतं. त्यासाठी मिळालं. आंबट दूध हा त्याचा अंदाज होता. चांगला अंदाज होता, पण पुरावा नव्हता."

बंटी खूश झाला, पण त्याची पाळी आलीच. ताईनं 2018 चं इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेचं काम सांगितलं. निरोगी माणसांना आठवडाभर अँटिबायोटिक दिली. मग काहींना नुसतं सोडून दिलं, काहींना अकरा जातींच्या जंतूंचं प्रोबायोटिक दिलं, आणि काहींना त्यांचीच, आधी काढून ठेवलेली विष्ठा प्रक्रिया करून परत आतड्यात सोडली. ज्यांना स्वतःचे जंतू परत मिळाले त्यांचं पोट काही दिवसांत मूळपदावर आलं. ज्यांना काहीच दिलं नव्हतं तेही हळूहळू सावरले. सगळ्यात मागे राहिले प्रोबायोटिक घेणारे. पाच महिन्यांनीसुद्धा त्यांच्या आतड्यातली वस्ती पूर्वीसारखी झाली नव्हती.

"भरायला आलेले पाहुणे घरच्यांना आत येऊ देत नव्हते," ताई म्हणाली.

इथे मला वाटलं बंटी हरला. पण त्यानं जे उत्तर दिलं त्यासाठी मी त्याला मनापासून दाद देतो. तो म्हणाला, "ताई, 21 माणसं होती ती. एकवीस. आणि एकच मिश्रण. आता ओडिशाचं सांगू? 4,556 नवजात बाळं."

ओडिशाचा तो अभ्यास 2017 मध्ये 'नेचर'मध्ये आला. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांचे सहकारी आधी कित्येक वर्षं योग्य जंतू शोधत होते. शेवटी लॅक्टोबॅसिलस प्लांटारमची एक नेमकी जात निवडली. गावागावांत नुकत्याच जन्मलेल्या, वजनाने ठीक असलेल्या बाळांना ती सात दिवस, रोज अंदाजे शंभर कोटी जंतू, सोबत त्या जंतूंचं खाद्य म्हणून थोडी फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड साखर, अशी दिली. साठ दिवस लक्ष ठेवलं. ज्यांना नुसती बिनजंतूची पूड दिली त्या बाळांत सेप्सिस (रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग) किंवा मृत्यू यांचं प्रमाण 9 टक्के निघालं, जंतू दिलेल्यांत 5.4. म्हणजे 40 टक्क्यांनी कमी. फायदा इतका उघड होता की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला.

"आपल्या देशात, खेड्यात, स्वस्तात," बंटी म्हणाला. त्याचा आवाज जरा भरून आला होता. त्याच्या घरी सहा महिन्यांची मुलगी आहे.

ताईनं हे मान्य केलं, आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला: तुझ्या बॅगेतल्या कॅप्सूलमध्ये तीच जात आहे का? बंटीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. नव्हती. एकाच नावाच्या दोन जंतूंमध्ये जातीचा फरक म्हणजे आंब्यात हापूस आणि रायवळ यांच्यातला फरक. ओडिशातल्या जंतूचं यश दुसऱ्याच्या पाकिटावर चिकटवता येत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये सगळे पुरावे तपासले. त्यांनी मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी ठरावीक जातींना होकार दिला, मुलांच्या साध्या जुलाबासाठी मात्र नको म्हटलं.

"मग बाळाला चालतं आणि मोठ्या माणसाला नाही, असं का?" हा प्रश्न अण्णांचा.

उत्तर दिलं बापूनं, जो इतका वेळ पोह्यांवर जीरावन टाकत गप्प बसला होता. बापू ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याच्या कामात आहे. इंदूरमध्ये हे काम काही नवलाचं राहिलेलं नाही. देवगुराडियाचा गोबर-धन प्लांट फेब्रुवारी 2022 पासून चालू आहे. दिवसाला 550 टन ओला कचरा घ्यायची आणि 17,000 किलोच्या आसपास बायो-सीएनजी द्यायची त्याची क्षमता आहे, आणि सिटी बस त्या गॅसवर धावतात. हे सगळं आपण अभिमानाने पाहुण्यांना सांगतो. पण त्या टाक्यांमध्ये काम करणारे कोण, हे कुणी सांगत नाही.

"टाकीत एक जंतू नसतो, बिरादरी असते," बापू म्हणाला. "पहिले कचरा फोडतात. दुसरे त्याचं आम्ल करतात. तिसरे ते आम्ल बारीक करून पुढे देतात. आणि मिथेन करणारे सगळ्यात शेवटी. ते तर बॅक्टेरियासुद्धा नव्हेत, आर्किया म्हणतात त्यांना. हवा लागली की संपले. आणि वाढतात फार हळू. आम्ल करणारे घाईचे, हे धिम्मे. मी लालच करून गोड, मऊ कचरा भसाभस टाकला तर आम्ल साचतं, टाकी आंबट होते, गॅस बंद. मग कितीही ओरडा, चार-आठ दिवस उपाशी ठेवावी लागते."

"आणि टाकी मेली तर?"

"तेच सांगून राहिलो आहे. मी बाजारात जाऊन एक जंतू विकत आणत नाही. चालू टाकीतली स्लरी आणतो, नाहीतर शेण. सगळी बिरादरी एकदम. बाळाचं पोट म्हणजे नवीन टाकी, जो पहिला येईल तो बसेल. आपलं पोट म्हणजे भरलेली वस्ती. तिथे एकट्यादुकट्याला कोण जागा देणार?"

मला हे त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं बोलणं वाटलं. वाइझमनमध्ये स्वतःचीच विष्ठा परत मिळालेले लोक लवकर का सावरले, ते एका वाक्यात समजलं. ताईनं त्यालाच जोडून नेदरलँड्सचं काम सांगितलं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक जंतू अँटिबायोटिकनंतर मोकळ्या झालेल्या आतड्यात माजतो, जुलाब थांबतच नाहीत. 2013 साली अशा 16 रुग्णांना निरोगी माणसाची विष्ठा द्रावणात कालवून, गाळून नळीनं दिली. तेरा जण एका वेळेत बरे झाले. नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकनं तेरांपैकी चार. अण्णांनी आधी तोंड वाकडं केलं, मग आकडे ऐकून दह्याचा डबा खाली ठेवला. अमेरिकेत 2022 पासून याला रीतसर औषध म्हणून मंजुरी आहे.

अण्णांना अगदीच रिकाम्या हाती पाठवलं असं नाही. स्टॅनफर्डमध्ये 36 निरोगी माणसांचे दोन गट करून दहा आठवडे एकाला दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर खायला घातले, दुसऱ्याला चोथ्याचं खाणं. 2021 मध्ये निकाल आला. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जंतूंची विविधता वाढली आणि रक्तात दाह दाखवणारी 19 प्रथिनं कमी झाली. रोजच्या सवयीचं, आठवडेच्या आठवडे खाल्लेलं अन्न, दोन दिवसांचा उतारा नव्हे.

"म्हणजे मी रोज खातो ते बरोबर, आणि आज औषध म्हणून खातो ते चूक," अण्णा म्हणाले.

वाद इथे मिटला असता. पण दही का कॅप्सूल, हा प्रश्नच मला दुय्यम वाटत होता. पोटात काय भरायचं यावर तासभर बोलणं झालं आणि ते रिकामं कशानं केलं त्यावर एक शब्द नाही. मी अण्णांच्या खिशातली स्ट्रिप मागून घेतली. मागच्या बाजूला उभी लाल रेघ होती. ती रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही.

मग मी आईचं सांगितलं. ओटल्यावर पहिल्यांदाच. तीन हिवाळे तिला खोकला झाला की मीच मेडिकलमधून गोळ्या आणत होतो. कधी हीच, कधी दुसरी. ताप उतरायचा. तो तसाही उतरला असता, पण श्रेय गोळीला जायचं. चौथ्या वर्षी तिला लघवीचा संसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला. गोळ्या दिल्या, फरक नाही. बदलून दिल्या, फरक नाही. कल्चरचा रिपोर्ट आला तो ताईच्याच लॅबमधून. औषधांच्या नावांसमोर खाली खाली R, R, R, म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही. दोनच ठिकाणी S, म्हणजे औषध चालतं. दोन्ही शिरेतून द्यायची औषधं. एकाहत्तर वर्षांची बाई दहा दिवस हॉस्पिटलमध्ये, हातावर सुईचे काळेनिळे डाग.

"ती प्लेट मला आठवते," ताई म्हणाली. तिनं ओटल्यावर बोटानं गोल काढून अण्णांना दाखवलं. काचेच्या थाळीत जंतू पसरायचे, वर औषधाच्या छोट्या छोट्या चकत्या ठेवायच्या, रात्रभर ऊबेत. सकाळी ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल दिसेल ते औषध चालतं. काकूंच्या थाळीत जंतू चकत्यांना चिकटून उगवले होते. "ई. कोलाय होता. तो बाहेरून आला नव्हता, त्यांच्याच आतड्यातला. प्रत्येक गोळीनं तिथले साधे जंतू मरत गेले, निबर तेवढे राहिले. आणि निबरपणाची जनुकं ते एकमेकांना देतात. वेगळ्या प्रजातीच्या जंतूलासुद्धा."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बंटी म्हणाला की 2019 च्या विक्रीचा अभ्यास झाला, त्यात देशात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक हेच निघालं होतं, अझिथ्रोमायसिन 500. धंद्यातला माणूस असून त्यानं ते स्वतःहून सांगितलं. खोकला-सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची असते, आणि विषाणूंवर यातलं काहीही चालत नाही.

"पण अर्धा कोर्स सोडू नये म्हणतात," अण्णा म्हणाले. स्ट्रिप त्यांच्या हातात परत आली होती.

"डॉक्टरांनी लिहिलेला सोडू नये, त्यांना विचारल्याशिवाय," ताई म्हणाली. "हा कुणी लिहिलाच नव्हता. तुमचं वय आहे, चार दिवस खोकला आहे. उद्या सकाळी दाखवा, मी येते बरोबर. दोन गोळ्या घेतल्या हेही सांगा."

तेवढ्यात कचरागाडी गल्लीत शिरली. बापू उठला, घरांतून बादल्या बाहेर यायला लागल्या. अण्णा ओल्या कचऱ्याच्या बादलीकडे वळले तसा बापूनं त्यांचा हात धरला.

"अण्णा, त्यात नको, भिया. ते माझ्याकडे येतं."

गाडीवरच्या मुलानं अण्णांच्या हातातली स्ट्रिप पाहिली आणि कडेचा वेगळा डबा उघडला. "दवाई है ना बाबूजी? इसमें डालो."