परदेशातून : कणसे सोलणाऱ्यांचा संघ आणि पेठेतला वाद

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दुपारी चारचा सामना सुरू होतो, तेव्हा इथे लिंकनमध्ये, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या राजधानीत, थंडीच्या दिवसांत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. माझ्या भाच्याचे नाव संघात असेल त्या दिवशी मी गजर लावून उठतो, चहाचे आधण ठेवतो आणि फोनच्या पडद्यावर त्याला शोधतो. गेले दोन हंगाम तो बहुतेक वेळा राखीव खेळाडूंच्या बाकावरच सापडतो, कारण त्याच्या जागी तालमीने, म्हणजे पेठेचा संघ चालवणाऱ्या मंडळाने, बाहेरून आणलेला खेळाडू खेळतो. पेठेत यावरून दर वर्षी तोच वाद पेटतो : वर्गणी पेठेची, झेंडा पेठेचा, शिव्याही पेठेनेच खायच्या, मग मैदानावरची पोरे तेवढी बाहेरची का? एक बाजू म्हणते की बाहेरच्यांना, त्यातही परदेशी खेळाडूंना, सरसकट बंदी घाला. दुसरी म्हणते की मग चषकाचे नाव काढू नका. परवा फोनवर भाच्याने मला सरळ विचारले, "मामा, तुमच्याकडं बी असंच असतंय काय?"

त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

इथला फुटबॉल वेगळा, हे आधी सांगितले पाहिजे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात आणि पाय क्वचितच त्याला लागतो; कोल्हापूरच्या माणसाने त्याला फुटबॉल म्हणावे की नाही, हा वाद मी कधीच सोडून दिला आहे. नेब्रास्काची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास आहे आणि मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ या राज्यात नाही. त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच सगळ्या राज्याचा संघ झाला आहे. संघाचे नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, याच संघाला बगईटर्स, म्हणजे किडे खाणारे, असेही म्हणत. त्या मानाने कणसे परवडली. 1923 मध्ये बांधलेल्या मेमोरियल स्टेडियममध्ये सुमारे 85,000 माणसे बसतात आणि सामन्याच्या शनिवारी ते मैदान, ओमाहा आणि लिंकननंतर, राज्यातले तिसरे मोठे शहर होते. 3 नोव्हेंबर 1962 पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली आहेत आणि ही साखळी आता चारशे सामन्यांच्या पुढे गेली आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर, अलीकडच्या वाईट वर्षांत काही सामन्यांची उरलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेऊन गरजू मुलांना वाटली, तेव्हा कुठे ती टिकली. साखळी तुटू द्यायची नाही यासाठी पदरमोड करणारी माणसे पाहिली की मला पेठेतले वर्गणीदार आठवतात.

मी 2003 च्या ऑगस्टमध्ये शिकायला आलो आणि महिन्याभरात कोणीतरी हातात ठेवलेल्या एका तिकिटावर लाल कपड्यांतल्या प्रेक्षकांच्या समुद्रात जाऊन बसलो. शेजारी एक वृद्ध शेतकरी होते. मांडीवर थर्मास, एका कानात ट्रान्झिस्टरची वायर, कारण समोर दिसत असले तरी रेडिओवरचा समालोचक जास्त सांगतो, असे त्यांचे मत. नेब्रास्काने पहिले गुण मिळवले तेव्हा हजारो लाल फुगे एकदम आकाशात सुटले. (ही प्रथा 2022 मध्ये हेलियमच्या टंचाईमुळे थांबली.) पण माझ्या लक्षात राहिले ते फुगे नव्हेत. सामना संपला, पाहुणा संघ हरून बोगद्याकडे निघाला, आणि त्या कोपऱ्यातले प्रेक्षक उठून उभे राहिले. मला वाटले, आता चपला पडणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या गावात सामना संपल्यावर दोन पेठांच्या मध्ये पोलीस उभे राहतात, तिथून आलेल्या माणसाला हे काही वेळ कळलेच नाही. शेतकरीबाबांनी थर्मासचे झाकण लावत सांगितले की जो इतक्या लांब येऊन आपल्याशी खेळतो, त्याला तेवढे देणे लागतो.

तरीही इथली माणसे देवमाणसे नाहीत, हे त्याच वर्षी दिसले. प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांनी त्या हंगामात नऊ सामने जिंकले आणि तीन हरले. सहा वर्षांत 58 विजय, 19 पराभव. त्यांना काढून टाकण्यात आले, कारण नऊ विजय नेब्रास्काला शोभत नाहीत असे वरच्यांना वाटले. हे वाटणे समजून घ्यायचे तर सोलिच ज्यांच्या जागी आले त्या टॉम ऑस्बर्न यांच्याकडे पाहावे लागते. 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षे, 255 विजय, प्रत्येक हंगामात किमान नऊ, आणि 1994, 1995 व 1997 अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे. त्याआधी बॉब डेव्हॅनी यांनी 1970 आणि 1971 ची दोन मिळवून दिली होती. मात्र लोक ऑस्बर्न यांच्याबद्दल बोलताना सर्वांत आधी सांगतात ती एका पराभवाची गोष्ट. जानेवारी 1984 मध्ये मायामीविरुद्ध अगदी शेवटी गुणसंख्या मायामीच्या बाजूने 31-30 अशी झाली. एका सोप्या किकने बरोबरी झाली असती आणि अजिंक्यपदही बहुधा नेब्रास्कालाच मिळाले असते. ऑस्बर्न यांनी बरोबरीला नकार दिला, जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि सामना गेला. त्या निर्णयाचे आजही इथे कौतुक होते. एवढी पुण्याई असूनही 2006 मध्ये हेच ऑस्बर्न राज्यपालपदासाठी उभे राहिले, तेव्हा स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरले. मैदानावरची भक्ती आणि मतपेटी यांचे गणित वेगळे असते, एवढे भान या राज्याने राखले, याचे मला नेहमी बरे वाटते.

सोलिच गेले आणि पुढच्याच वर्षी, 1961 नंतर प्रथमच, संघ विजयांपेक्षा जास्त पराभव घेऊन बसला. ते नवे प्रशिक्षक बिल कॅलहन यांचे पहिलेच वर्ष; पुढे तेही गेले. बो पेलिनी यांनी सातही हंगामांत किमान नऊ विजय मिळवले, त्यांनाही 2014 मध्ये निरोप मिळाला. माइक रायली तीन वर्षे राहिले. अखेर 2018 च्या हंगामासाठी आला तो घरचा मुलगा : स्कॉट फ्रॉस्ट, वुड रिव्हर या छोट्या गावात वाढलेला, 1997 च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू), नुकताच सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला एकही सामना न हरता घेऊन गेलेला प्रशिक्षक. त्या वर्षी इथल्या दुकानांत, चर्चमध्ये, न्हाव्याकडे एकच भाषा होती : आपला माणूस आला, आता सगळे ठीक होईल.

झाले उलटे. 16 विजय, 31 पराभव. 2021 च्या हंगामात नऊ सामने हरले आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने. दर आठवड्याला विजय हाताशी यायचा आणि शेवटच्या काही मिनिटांत निसटायचा. 2022 चा पहिला सामना डब्लिनला होता. अकरा गुणांची आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी चेंडू मुद्दाम जवळ मारून परत मिळवण्याचा जुगार खेळला. तो फसला आणि सामना 31-28 असा गेला. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून 45-42 अशी हार झाली आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांना काढले. करारानुसार त्यांना सुमारे दीड कोटी डॉलर देणे लागले. त्या रात्री मी भाच्याच्या आईला फोनवर ही रक्कम सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात आख्खी पेठ खेळली असती रे दादा."

पेठेतल्या ज्यांना वाटते की आपलाच माणूस आणला की सगळे सुटते, त्यांनी फ्रॉस्ट यांचा हा इतिहास जरूर पाहावा. आणि ज्यांना वाटते की दर हंगामाला कारभारी बदलले की चषक येतो, त्यांनी सोलिच आणि पेलिनी यांचा. नऊ विजय कमी वाटणारे हे राज्य आठ वर्षे सहा विजयांसाठी झुरत होते. सहा मिळाले की हंगामानंतरच्या बोल सामन्यात जागा मिळते. ती वेळ 23 नोव्हेंबर 2024 ला आली. प्रशिक्षक मॅट रूल यांच्या दुसऱ्या हंगामात आमच्या संघाने विस्कॉन्सिनला 44-25 असे हरवले. त्या सामन्याला मी होतो. शेतकरीबाबा आता नाहीत. त्यांच्या जागेवर त्यांची नात बसते, तोच थर्मास घेऊन. शेवटची घंटा झाली आणि माणसे कुंपणे ओलांडून मैदानात उतरली. अजिंक्यपद नव्हे, केवळ सहावा विजय! पुढे न्यूयॉर्कला बॉस्टन कॉलेजवर 20-15 असा विजय मिळाला आणि हंगाम सात-सहावर संपला. माझ्या आयुष्यात मी सात-सहाचा इतका आनंद साजरा केला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कॉलेजचे हे खेळाडू कित्येक दशके शिष्यवृत्तीवर खेळले, तर त्यांचे प्रशिक्षक पुढे कोट्यधीश झाले. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती आणि करार करून पैसे मिळवता येऊ लागले, त्याच सुमारास महाविद्यालय बदलले तरी वर्षभर बसून राहण्याची अट सैल झाली, आणि न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर जुलै 2025 पासून विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली; पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. यात मला काहीही गैर वाटत नाही. गुडघे त्यांचे मोडतात, डोकी त्यांची आपटतात. पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत. आमच्या पेठेत बाहेरून येणाऱ्या पोराला मानधन मिळते म्हणून नाक मुरडणारे मला म्हणून पटत नाहीत. तो मुलगा हजारो मैलांवरून पोटासाठी आला आहे, आणि मीही तसाच इथे आलो आहे. मी लिंकनमध्ये बाहेरचाच आहे. त्या लाल समुद्रात मला कोणी पेठ विचारली नाही.

पण या नव्या व्यवस्थेने एक गोष्ट हिरावली, आणि तीच भाच्याला समजावी असे मला वाटते. नेब्रास्काची खरी ताकद शिष्यवृत्तीवाल्यांच्या जोडीने आणखी कोणात होती, तर वॉक-ऑन मुलांमध्ये. लहान गावांतली, शेतावर वाढलेली ही मुले शिष्यवृत्तीशिवाय, घरच्या पैशांनी विद्यापीठात येत, संघात नाव घालत, दोन-तीन वर्षे केवळ सरावात मार खात, आणि त्यांतली काही शेवटी मैदानावर उतरत. ऑस्बर्न यांनी ही पद्धत जाणीवपूर्वक वाढवली. अशा मुलाच्या गावात पोस्टापासून धान्याच्या कोठारापर्यंत सगळ्यांना त्याचा क्रमांक पाठ असे. तो खेळो न खेळो, गावाचा एक माणूस त्या बाकावर असे. सव्वाशे-दीडशे खेळाडूंचा ताफा बाळगण्याचे कारण ते होते. 2025 पासून संघाला 105 खेळाडूंची मर्यादा आली आणि कात्री पहिली लागली ती या मुलांच्या जागांना. बाहेरचा तारा आला म्हणून गावचा मुलगा गेला नाही. बाकच आखूड झाला.

म्हणून माझे मत असे की पेठेने बंदीच्या मागे लागू नये. बंदी घातली तरी पळवाटा निघतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भांडायचे असेल तर बाकासाठी भांडावे : संघाच्या यादीत पेठेतल्या इतक्या मुलांची नावे असलीच पाहिजेत, आणि प्रत्येक सामन्यात त्यांतल्या काहींना अमुक मिनिटे मिळालीच पाहिजेत, असा नियम तालमीने स्वतःपुरता करावा. हे आपल्याकडे शक्य आहे आणि इथे नाही, कारण तालीम अजून पेठेची आहे. कोपऱ्यावर तिची इमारत आहे, तिच्या पंचांना, म्हणजे कारभाऱ्यांना, संध्याकाळी कट्ट्यावर गाठून जाब विचारता येतो. मी बावीस वर्षे तिकीट काढतो, पण या संघाच्या एकाही निर्णयावर माझा तसूभर अधिकार नाही. 105 चा आकडा ठरला तेव्हा 85,000 माणसांपैकी कोणालाच कोणी विचारले नाही.

हे सगळे मी भाच्याला सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की पंचांशी बोलतो, पण आता हंगाम संपत आला आहे. त्याला इथली बातमीही कळली होती. ज्या डिलन रायोलाचा बाप इथेच सेंटर म्हणून खेळून गेला, ज्याच्या नावाचे शर्ट सगळ्या राज्याने विकत घेतले, तो क्वार्टरबॅक दोन हंगाम खेळून, 2025 च्या हंगामानंतर, दुसऱ्या विद्यापीठाकडे निघून गेला.

"तुमचा पण गेला म्हणं," भाचा म्हणाला. "मग आता पुढच्या सालचं तिकीट काढणार न्हाईसा?"

पैसे मी आदल्याच आठवड्यात भरले होते.