झुबिन मेहता फक्त काठी हलवतात?

पाश्चात्य ऑर्केस्ट्राचे कंडक्टर झुबिन मेहता यांच्या फोटोखाली एक मजकूर हल्ली ग्रुपांवरून फिरतोय. त्याचा गाभा असा: घरात संगीताचा गंध नसलेला एक पारशी मुलगा डॉक्टरकी सोडून व्हिएन्नाला गेला, दुसऱ्याने पद सोडल्यामुळे नशिबाने लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्राच्या गादीवर बसला, वादक समोरचा कागद बघून वाजवत असताना जन्मभर काठी हलवत राहिला आणि भारताला विसरून परदेशी नागरिक झाला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. इतक्या थोड्या ओळींत इतकं चुकीचं लिहायलाही कसब लागतं.

आधी कागदाचं बघू, कारण मुळातला गैरसमज तिथे आहे. वादकापुढे कागद असतो, पण त्यावर फक्त त्याच्या वाद्याचा भाग असतो. व्हायोलिनं काय करताहेत हे ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर नसतं. ‘इतके बार (तालाची आवर्तनं म्हणा) गप्प’ एवढंच असतं. ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीत झांजा चाळीसेक मिनिटांत एकदाच वाजतात, त्याही हलक्या. सगळ्यांचे भाग एकाखाली एक मांडलेली संहिता एकट्या कंडक्टरपुढे असते, किंवा मेहतांसारख्यांच्या बाबतीत बऱ्याचदा डोक्यात.

बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची पहिली चार सुरांची धडक सगळ्यांच्या ओळखीची. स्वरलिपीत मात्र तिथे सर्वांत आधी सूर नाही, विश्रांतीची खूण आहे. ठोका पडतो शांततेवर आणि तंतुवाद्यं व क्लॅरिनेट त्याच्या पाठोपाठ उसळतात. हा न वाजणारा ठोका कुणीतरी दाखवायलाच हवा. कंडक्टरचा हात वर जातो त्या क्षणी लय किती आणि जोर किती, दोन्ही सांगून झालेलं असतं. हात जरा घोटाळला की पहिला सूर फाटलाच. पुढे चौथ्या सुरावर ‘धरून ठेवा’ अशी खूण आहे. किती वेळ धरायचा, ते बेथोव्हेनने लिहिलेलं नाही. साठ-सत्तर जणांनी आपापल्या मर्जीने ठरवलं तर काय होईल, याची कल्पना करा.

आपल्या मैफलीला कंडक्टर लागत नाही हे खरं. तबलजी हाताच्या अंतरावर, ठेका चालू, समेवर सगळे भेटतात. ऑर्केस्ट्रात मागची पितळी वाद्यं आणि पुढची व्हायोलिनं यांत पंधराएक मीटरचं अंतर पडतं आणि तेवढं कापायला आवाजाला सेकंदाचे चार शतांश लागतात. कानावर विसंबणारा मागे पडतो, म्हणून डोळ्यांनी वाजवावं लागतं. मुंबईत हिंदी सिनेमाच्या मोठ्या रेकॉर्डिंगलाही सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बांधणारे, ताफ्यासमोर उभे राहत, ते हौस म्हणून नव्हे. आणि रात्री दिसते ती काठी हा कामाचा शेवटचा तुकडा. कुठल्या वाद्याने किती दबायचं, हे तालमीतच ठरलेलं असतं.

संगीताचा गंध नसलेलं घर? वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तालमी घरातही चालत. झुबिन जन्मले १९३६ साली आणि सोळाव्या वर्षी त्यांनी याच ऑर्केस्ट्राची तालीम घेतली. डॉक्टरकी म्हणाल, तर ती झेवियर्समधली प्रवेशाआधीची दोन वर्षं. १९५४ साली अठराव्या वर्षी ते व्हिएन्नाला गेले. मुंबईत तेव्हा या पेशावर पोट भरण्याची सोय कुठे होती?

नशिबाचा मुद्दा निम्मा खरा आहे, आणि तो निम्मा मी नाकारत नाही. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राने आपले नियोजित संगीत संचालक गेऑर्ग सोल्टी यांना न विचारता मेहतांना सहायक नेमलं, सोल्टींनी रागावून पद सोडलं आणि १९६२ साली २६ वर्षांचे मेहता संगीत संचालक झाले. पण त्याआधी १९५८ साली लिव्हरपूलची कंडक्टिंग स्पर्धा त्यांनी जिंकली होती. मॉन्ट्रियलला मार्केविच आणि लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर हे कंडक्टर येऊ शकले नाहीत, तेव्हा ऐनवेळी हे उभे राहिले. ऐनवेळी बोलावलेल्याला संहिता पाठ नसेल तर पुन्हा कुणी बोलावत नाही. ही तयारी कशी झाली, तर व्हिएन्नातले त्यांचे गुरू स्वारोव्स्की यांच्या वर्गात आणि वर्गाबाहेर. व्हिएन्नात मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. मग मेहता आणि त्यांचा सहाध्यायी क्लाउडिओ अब्बाडो गायकवृंदात भरती झाले, खर्जात गायले, आणि ब्रुनो वॉल्टर, कारायान यांचे हात समोरून बघितले. नशीब म्हणायचंच तर या युक्तीला म्हणा.

प्रतिवाद करतोय म्हणून आरती ओवाळायची नाही. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १९७८ ते १९९१ या तेरा वर्षांत तिथल्या समीक्षकांनी त्यांना भपकेबाज ठरवून बरंच झोडलं आणि त्यातलं सगळंच द्वेषातून आलेलं नव्हतं. १९९० साली रोममध्ये तीन टेनर गायकांसोबतची मैफल ऐकून नाक मुरडणारे रसिक मलाही माहीत आहेत. टीका करायची तर तिथे जागा आहे.

राहिला देश. मेहतांनी भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. मुलाखतींतून त्यांनी हे अनेकदा सांगितलंय. इस्रायल फिलहार्मोनिकशी अर्धशतकाचं नातं, १९८१ साली आजीवन संचालकपद, २०१९ ला निवृत्ती, यातलं काहीच नागरिकत्व नव्हे. लॉस एंजेलिसचा ऑर्केस्ट्रा १९६७ साली आणि न्यूयॉर्कचा १९८४ साली त्यांनीच मुंबईला आणला. पंडित रविशंकरांची दुसरी सतार कॉन्चेर्टो (सतार आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम वाजली, तेव्हा कंडक्टर हेच. वडिलांच्या नावाचं फाउंडेशन १९९५ पासून मुंबईत मुलांना पाश्चात्य संगीत शिकवतंय. २०१३ साली श्रीनगरच्या शालिमार बागेत जर्मनीतला बव्हेरियन ऑर्केस्ट्रा घेऊन गेले. ती मैफल निमंत्रितांपुरती होती म्हणून टीका झाली आणि ती रास्तच होती. पण विसरलेला माणूस तिथवर कशाला जाईल? पद्मविभूषणही २००१ साली मिळालं, पण फॉरवर्डवाल्यांना पुरस्कारांनी फरक पडत नाही, म्हणून त्यावर भर देत नाही.