खुलासा : मोबाइलच्या एफएमला नेट लागत नाही

‘पर्लकोटा नदीला पूर आला, टॉवर बंद पडला की मोबाइलमधला रेडिओही बंद,’ असा मेसेज भामरागडकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो अर्धाच खरा. ॲपवरचा रेडिओ नेटवर चालतो, तो थांबणारच. पण ज्या फोनात एफएमची सोय आहे, तो सिमकार्ड नसतानाही हवेतल्या लहरी थेट पकडतो. फक्त वायरवाला इअरफोन खोचा. ती वायरच अँटेना असते. (ब्लूटूथवाला इथे कुचकामी.) बऱ्याच नव्या फोनांत ही सोयच मिळत नाही, २०२३ मध्ये केंद्राला कंपन्यांना त्यासाठी सूचना काढावी लागली. शिवाय एफएम डोंगराआड अडते. जुन्या रेडिओवर लागणाऱ्या मीडियम वेव्हच्या लहरी मात्र लांब जातात, रात्री तर आणखीच. तेव्हा आबाजींचा सेलवरचा रेडिओ भंगारात देऊ नका. सेल मात्र बाहेर काढून ठेवा, आत पाझरले की पट्ट्या गंजतात.